आर्लिसच्या बंदुकीवरची दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. तारे किंवा जहाजं बघायची मोठी नव्हे. वीतभर लांबीची, काळी, बंदुकीच्या पाठीवर बसणारी. माझी बंदूकही रायफल नव्हे, छर्ऱ्याची. आमच्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जमीन सपाट आणि घरं जवळजवळ, म्हणून हरणासाठी याच बंदुकीत छर्ऱ्यांऐवजी एकच जाड शिशाची गोळी घालतात. ती फार लांब जात नाही, पण झाडताना दणका असा देते की नाजूक दुर्बिणीची काच खिळखिळी व्हावी.

माझा जन्म कारखान्यातला. काचा घासल्या, नळीत बसवल्या, आतली हवा काढून कोरडा वायू भरला आणि तोंडं बंद केली. मग दोन वर्षं मी एल्डनच्या दुकानात काचेच्या कपाटात पडून होते. लोक यायचे आणि शेजारच्या लठ्ठ, नऊपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणी उचलायचे. मी दीडपटीपासून चारपटीपर्यंतच दाखवते. मला कोण विचारणार?

एका ऑक्टोबरात आर्लिस आली. पन्नाशी ओलांडलेली, शाळेच्या बसची ड्रायव्हर. बरोबर दीर होता, लॅव्हर्न.

"नऊपटवाली घे," लॅव्हर्न म्हणाला. "घ्यायचीच तर दणदणीत घ्यावी."

एल्डनने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "आर्लिस, तू बसणार कुठे?"

"ओढ्याकाठी. हाका घालून हरणं माझ्याकडे काढतात. ऐंशी पावलं, फार तर शंभर."

"मग नऊपट कशाला? पळतं हरीण त्यात सापडेपर्यंत दुसऱ्या तालुक्यात पोचेल." त्याने मला बाहेर काढून तिच्या हातात दिलं. "हिच्यातून मोठं कमी दिसतं, पण आजूबाजूचं पुष्कळ दिसतं. आणि डोळा चार बोटं लांब ठेवला तरी चालतं. नाहीतर दणक्यासरशी दुर्बीण कपाळात बसते. लॅव्हर्नला विचार, भुवईवर ती चंद्रकोर कुठून आली."

लॅव्हर्नने टोपी खाली ओढली. "एवढीशी? पेनाचं टोपण वाटतंय!"

आर्लिस हसली नाही. मला डोळ्याला लावून तिने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग दोन्ही डोळे उघडे ठेवून पुन्हा बघितलं. "गेल्या वर्षी मला नीट दिसलं नव्हतं," ती एल्डनला म्हणाली. "या वर्षी दिसायला हवं."

गेल्या वर्षीची गोष्ट मला नंतर कळली. नवरा डॅरेल गेल्यावर त्याची बंदूक तिने हातात घेतली. नेमाला नळीच्या टोकाचा पितळी मणी तेवढा. संधिप्रकाशात एका मादीवर झाडली, गोळी पायाला लागली. रक्ताच्या थेंबांमागे आर्लिस दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि माग बुजला. त्या मादीचं काय झालं, आजही कुणाला माहीत नाही. नीट दिसल्याशिवाय पुन्हा झाडणार नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

एल्डनने मला बंदुकीवर घट्ट आवळलं. पुढच्या रविवारी आर्लिस खडीच्या खाणीत गेली, पन्नास पावलांवर कागदी ताटली लावली आणि झाडली. दोन बोटं उजवीकडे. नेम जुळवायची माझी चकती टिकटिक फिरवून पुन्हा झाडली. तिसरी गोळी ताटलीच्या मधोमध गेली. खांदा चोळत ती पुटपुटली, "आता आपलं जमलं." ते ती माझ्याशीच बोलली, असं मी धरून चालते.

डिसेंबरातला पहिला शनिवार उजाडला. सात जण होते. तिघं दबा धरून, चौघं हाक्याला, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. लॅव्हर्नने ओढ्याच्या पलीकडच्या काठाने यायचं ठरलं होतं.

हाका सुरू झाला आणि मक्याच्या धसकटातून एक नर निघाला. आठ टोकांची शिंगं, जाड मान. सत्तर पावलांवर येऊन तो थबकला. आर्लिसने बंदूक खांद्याला लावली. माझ्या काचेतली नेमाची फुली त्याच्या खांद्यामागे टेकली. अंगठ्याने सुरक्षेचा खटका सरकवला, बोट चापाच्या कडीत गेलं. मी वाट बघत होते.

तेवढ्यात माझ्या काचेच्या कडेला, झुडपांच्या मागे, नारिंगी ठिपका हलला.

बोट बाहेर आलं. नळी आभाळाकडे गेली. खटका परत बसला. नराने एकदा वळून बघितलं आणि दोन उड्यांत नाहीसा झाला.

लॅव्हर्न झुडपं मोडत आला. "झोप लागली का गं? असा नर आयुष्यात एकदा येतो! झाडली का नाहीस?"

"तू पलीकडच्या काठाने येणार होतास."

"तिकडं मांडीएवढं बर्फ होतं. म्हटलं, आडवा कापून जावं."

"त्याच्या पाठीमागे होतास तू, लॅव्हर्न. काचेत दिसलास मला."

लॅव्हर्नने वळून आपल्या पावलांच्या खुणा बघितल्या. नराच्या खुणा बघितल्या. दोन्ही आर्लिसच्या जागेपासून एका रेषेत होत्या. तो खाली बर्फातच बसला आणि बराच वेळ हातमोजा काढत-घालत राहिला. दुपारी सगळे चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, खायला जमले, तेव्हा आपल्या वाट्याचा दालचिनीचा गोड रोल त्याने गुपचूप आर्लिसच्या ताटात सरकवला. माफी म्हणतात ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वच्छ उजेडात, आर्लिसने साठ पावलांवरची एक मादी टिपली. ती दहा पावलंही गेली नाही. आर्लिस जवळ गेली, तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "हं," आणि सुरी काढली.

त्यानंतर आम्ही अकरा हंगाम काढले. माझ्यामुळे लॅव्हर्न वाचला असं तो स्वतः सांगत फिरतो. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. तो ठिपका मी कुणालाही दाखवला असता. नर समोर असताना कडेला बघायला आर्लिस लागली.

आता माझं वय झालंय. कुठलं तरी तोंड सैल झालंय आणि आतला कोरडा वायू निघून गेलाय. गेल्या महिन्यात, कडाक्याच्या थंडीत, खाणीत तिने मला डोळ्याला लावलं, तर माझ्या आत धुकं. तिने बाहेरून पुसलं, फुंकर मारली, जाकिटाच्या आत ऊब दिली. थोडं निवळलं, पुन्हा दाटलं.

"तुलापण मोतीबिंदू झाला का गं?" ती म्हणाली. एल्डन नवी घे म्हणतोय. आर्लिस म्हणते, एवढं वर्ष निघेल हिच्यावर. हंगाम परवा सुरू होतोय आणि मी अजून बंदुकीवरच आहे.

आर्लिस, तुझी माया कळते मला. पण आवळलेले हे चार स्क्रू आज सोडव. मला खिडकीत ठेव, खणात टाक, काहीही कर. धुक्यातून मला हरीण दिसेल, नारिंगी रंग दिसणार नाही.