शिंगावरचा निळा पट्टा

"शेपटी कशाला पिळताय, आजी? मान धरा, मान!"

"मान धरू की तुझं ऐकू? तुझ्या स्पिरिटचा वास आला की नाचायला लागते ही."

गोठ्याच्या दारातला शेजारी खो खो हसला. गाईला लस टोचायला आलेल्या बाईही हसल्या. गुरांच्या दवाखान्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती आणि सगळे त्यांना स्पिरिटबाईच म्हणत. एक गाय टोचून झाली की सुई, सिरिंज, सगळं स्पिरिटने धुवायचं आणि मगच दुसरीकडे वळायचं. एकीचा रोग दुसरीला लागला, असा डाग त्यांनी कधी लावून घेतला नव्हता.

हे सकाळपासूनचं एकतिसावं घर आणि एकतिसावी गाय. आजीचं सगळं घर तिच्यावर चालायचं. बाईंनी सुई टोचली आणि खूण म्हणून शिंगावर निळ्या शाईचा पट्टा ओढला. टेकडीपलीकडच्या वस्तीत अंगावर गाठी येऊन नऊ गाई दगावल्या होत्या.

"आता वाचली ना गं माझी?"

"वाचली म्हणून समजा."

शेजाऱ्याच्या गाईसाठी नवी बाटली हवी होती. बर्फाच्या डब्यातून ती काढताना तिच्यासोबतचा घडीचा कागद हातात आला. एरवी तो त्यांनी फेकलाच असता. पण ही लस पहिल्यांदाच आली होती आणि काल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ती कशी द्यायची ते समजावत होत्या तेव्हा यांचं निम्मं लक्ष बर्फ भरण्यात होतं. त्यांनी कागद उलगडला.

ही लस जिवंत आहे. सुई व सिरिंज पाण्यात उकळून, थंड करून वापरावी. स्पिरिट लावू नये. स्पिरिटने लस मरते.

बाईंनी पुन्हा वाचलं. त्या गव्हाणीला टेकल्या.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

"ऊन लागलं थोडं."

कागद त्यांनी मुठीत चुरगळला. कोणाला कळणार होतं? रोग आलाच, तर लसच कच्ची होती म्हणता येईल. तेवढ्यात आजी शेजाऱ्याला म्हणाली, "चल रे, आता पाणवठ्यावर सोडते हिला. चार दिवस दावणीला बांधून कंटाळलीय बिचारी."

पाणवठा एकच होता. पलीकडची गुरंही तिथेच यायची.

बाईंनी गोठ्याबाहेर येऊन फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"मॅडम, मी स्पिरिट वापरलं."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती गाई?"

"एकतीस."

"उद्या सकाळी मी उकळलेल्या सिरिंज घेऊन येते. पुन्हा टोचू. मी सांगेपर्यंत मात्र एकही गाय बाहेर जाता कामा नये. घरोघरी जाऊन सांगा. आणि बाई... काय झालं ते वरती लिहून द्यावं लागेल मला."

"द्या लिहून."

आजीने दावं सोडलं होतं. बाईंनी ते तिच्या हातातून घेऊन पुन्हा खुंट्याला बांधलं.

"आजी, मघाशी ऊन लागलं म्हणाले ते खोटं. तुमच्या गाईला लस लागलीच नाही. चूक माझी आहे."

शेजाऱ्याचं हसू केव्हाच मावळलं होतं.

बाईंनी पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि शिंगावरचा निळा पट्टा पुसायला घेतला. गाय वासाने बिथरली. आजीने पुढे होऊन तिची मान धरली.

अजून तीस घरं बाकी होती.