नंदा सिस्टरांचा ओव्हर

"हळू घ्या सर, गरम आहे," म्हणत नंदाताईंनी कपबशी अनंतराव दामल्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या पाठीमागची उशी दोन चापट्या मारून सरळ केली.

दामले सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम सदाशिव पेठ. कौतुक करायचं तर तेही तक्रारीच्या सुरात. बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर मारली. "आपण मॅडम झालात असं ऐकलं. म्हटलं, आता या वॉर्डात चहा म्हणून गरम पाणीच प्यायचं. पण नाही, अजून माणुसकी शिल्लक आहे."

नंदाताई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. तेवढ्यात औषधांची ट्रॉली ढकलत अक्षता आली आणि जागच्या जागी थांबली. वॉर्डची इनचार्ज आता ती होती.

"मॅडम! अहो, सर उपाशी आहेत. दहा वाजता ऑपरेशन आहे त्यांचं!"

कॉटच्या पायथ्याशी 'उपाशी' अशी ठसठशीत पाटी लटकत होती. नंदाताई उशाकडून आल्या होत्या. बशी रिकामी झाली होती.

"सर, तुम्हाला तरी माहीत होतं ना?" अक्षता रडकुंडीला आली.

"होतं की. पण खुद्द सिस्टर देतायत म्हटल्यावर नियम बदलला असेल असं वाटलं," असं म्हणून दामले सरांनी शांतपणे मिशी पुसली.

पोटात दुधाचा चहा गेल्यावर भूल कशी देणार? ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. सर्जन पुष्कर बापट तणतणत आले आणि सगळ्या वॉर्डसमोर अक्षतावर घसरले. "इनचार्ज तुम्ही ना? मग पेशंटला चहा जातोच कसा?"

"डॉक्टर, चहा मी दिला," नंदाताई म्हणाल्या. "तिची काही चूक नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या कोटावरच्या नव्या बिल्ल्याकडे पाहिलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. ओरडले असते तर परवडलं असतं, असं नंदाताईंना वाटलं.

नंदा रणपिसे विश्रांतवाडीच्या. वडील पोस्टात होते. ससूनला जीएनएमचा कोर्स करून त्या या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागल्या, तेव्हा लिफ्टसुद्धा नव्हती. पुढे मुलगा प्रज्ञेश दहावीला आणि आई नर्सिंगच्या डिग्रीला, असं एकाच टेबलावर दोघांनी वर्ष काढलं. खोडरबरावरून भांडणं व्हायची. मग त्या वॉर्ड तीनच्या इनचार्ज झाल्या आणि वॉर्ड तीन म्हणजे नंदा सिस्टर असं समीकरणच होऊन बसलं. आणि आता नर्सिंग सुपरिंटेंडंट. हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेस त्यांच्या हाताखाली, चौथ्या मजल्यावर केबिन. विहारात सत्कार झाला, तेव्हा वडिलांच्या आठवणीने त्यांना बोलताच येईना. वडील म्हणायचे, "पोरी, चांगली खुर्ची मिळाली तर काठावर बसायचं नाही. टेकून बसायचं. आपण ती कमावलेली असते."

पण नंदाताई काठावरच बसत. रोज सकाळी केबिनचं कुलूप उघडायच्या आधी 'नुसती एक चक्कर' म्हणून वॉर्ड तीनमध्ये जात आणि तिथेच रमत. हिंजवडीत नोकरी करणारा प्रज्ञेश फोनवर सांगायचा, "आई, डिलिगेट कर गं!" नवरा सीताराम इंग्रजीच्या वाटेला जात नसे. तो म्हणायचा, "अगं, वर चढलीस ना? मग अजून जिन्यातच काय उभी?"

दुपारी अक्षता केबिनमध्ये आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, मला ओपीडीत बदली द्या. नाहीतर दुसरीकडे बघते मी. कोथरूडला एका ठिकाणी विचारून ठेवलंय."

ही मुलगी नंदाताईंच्याच हाताखाली तयार झालेली. तिला इनचार्ज करा म्हणून त्यांनीच सगळ्यांशी वाद घातला होता. "सकाळचं मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझी होती."

"सकाळचं नाही हो. पोरी मला काही विचारतच नाहीत. 'थांब, मॅडम येतीलच, त्यांना विचारू' म्हणतात. मावशी चादरी बदलायच्या आधी तुमची वाट बघतात. मी त्या वॉर्डात आहे कशाला?" मग 'मॅडम' गळून पडलं. "ताई, तुम्ही मला ओव्हर कुठे दिलात?"

ड्युटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला कॉट टू कॉट नेते आणि प्रत्येक पेशंट सोपवते, तो ओव्हर. नव्या मुलींना नंदाताई सगळ्यात आधी हेच शिकवत: ओव्हर दिल्याशिवाय ड्युटी संपत नाही, आणि एकदा ओव्हर दिला की हात मागे, मग पेशंटला हात लावायचा नाही. याच अक्षताला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कात्रजच्या बसमधून परत बोलावलं होतं, कारण बाईसाहेब ओव्हर न देताच सटकल्या होत्या.

आणि त्यांचा स्वतःचा शेवटचा दिवस? शाल, नारळ, केक, फोटो. सगळेजण त्यांना हाताला धरून लिफ्टपर्यंत घेऊन गेले होते. ओव्हर राहूनच गेला.

"दोनला ड्युटी बदलते ना?" नंदाताई उठल्या. "चल."

वॉर्डात दुपारच्या मुली आल्या होत्या. सगळ्यांच्या देखत नंदाताई पहिल्या कॉटपाशी उभ्या राहिल्या. पेशंट अक्षताला पाठ होते. नंदाताईंनी वॉर्ड सोपवायला घेतला.

"या खिडकीतून चारनंतर ऊन येतं. पेशंट सांगत नाहीत, नुसते डोळे मिटून पडतात. आपण आधीच पडदा ओढायचा."

"हो."

"मावशी चिडल्या की दोन दिवस बोलत नाहीत. समजूत काढायला जायचं नाही. काम चोख करतात."

कोपऱ्यातून मावशी "मी कधी चिडते?" म्हणाल्या, तशा सगळ्या मुली हसल्या.

"ही सात नंबरची कॉट. हिचं मागचं चाक लॉक होत नाही. तक्रारी करून थकले, शेवटी वीट लावली." नंदाताई विटेकडे बघत राहिल्या. "हे मात्र तुला देत नाही. हे आता माझं काम."

शेवटी त्या चादरींच्या खोलीपाशी आल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. "नव्या मुली इथे येऊन रडतात. लगेच आत जायचं नाही. थोडा वेळ द्यायचा."

"मीपण इथेच रडायचे," अक्षता म्हणाली.

"माहितीय. मी दाराबाहेर उभी असायचे."

अक्षताचे डोळे भरून आले, पण ती ताठ उभी राहिली. नंदाताई म्हणाल्या, "ओव्हर दिला."

"ओव्हर घेतला, मॅडम," अक्षता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

एवढ्यात दामले सरांनी हात वर केला. "ओ सिस्टर! सलाईनचा हात सुजलाय बहुतेक."

दोघीही वळल्या. नंदाताईंचं एक पाऊल पुढे पडलंसुद्धा. मग त्या थांबल्या आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्यांनी एकमेकांत घट्ट धरले. अक्षता गेली, सलाईन बंद केलं, सुई काढली. मुलींपैकी एक जण तिला विचारत होती, "अक्षताताई, दुसऱ्या हाताला लावू का?"

दामले सरांनी मान उंच करून बघितलं. "आपण नाही येणार?"

"माझी ड्युटी संपली, सर," नंदाताई म्हणाल्या. "उद्या ऑपरेशन आहे. आता कोणी अमृत दिलं तरी प्यायचं नाही, सिस्टरांना विचारल्याशिवाय."

त्या जिन्याने वर गेल्या. आता तो वॉर्ड आपला नाही, या विचाराने प्रत्येक मजल्यावर त्यांना भरून येत होतं. केबिनमध्ये येऊन त्यांनी तोंड धुतलं आणि मेंटेनन्सला फोन लावला.

"हॅलो, सिस्टर रण..." त्या अडखळल्या. पलीकडून कोण, कोण, अशी विचारणा झाली. नंदाताई खुर्चीत मागे सरकल्या आणि पाठ टेकून बसल्या.

"नर्सिंग सुपरिंटेंडंट रणपिसे बोलतेय. वॉर्ड तीन, सात नंबरच्या कॉटचं चाक. आज बदलून हवंय."