सुभद्राक्का रंगमंचावर

मार्चमध्ये अंगणात नीलमोहोराचा सडा पडलेला असे आणि त्या जांभळ्या निःशब्दतेतून सुभद्राक्कांची हाक येई: हलकी, घाई नसलेली, तरी तीन खोल्या ओलांडून माझ्यापर्यंत स्वच्छ पोचणारी. सुभद्राक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पन्नासच्या दशकात मी बेळगावाकडून लग्न होऊन बंगळुरात आले, तेव्हा चिकपेटेतल्या त्या घरातलं अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं मला कळेना. माझी ती मुकी, गोंधळलेली अवस्था त्यांनी न्याहाळली आणि तिच्यावर एक नाटक लिहिलं. गल्लीतल्या बायका दुपारी आमच्या दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या ठाणांमध्ये बसून तालीम करू लागल्या. नव्या सुनेचं काम माझं होतं.

महापालिकेनं तेव्हा नवं रंगमंदिर बांधलं होतं. प्रयोग तिथेच करायचा, असं अक्कांनी ठरवलं. व्यवस्थापक धारवाडचे, मराठी जाणणारे, सौजन्यशील गृहस्थ. पण न शिकलेल्या बायकांचं बोलणं तिसऱ्या रांगेपलीकडे जाणार नाही, देवळाच्या आवारात करा, असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या खेपेला अक्का मला घेऊन गेल्या. साहेबांनी शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहावं, एवढीच विनंती त्यांनी केली. मग चपला काढून त्या रंगमंचावर चढल्या. उंच झरोक्यातून उतरलेल्या उन्हात त्यांची मोरपंखी इरकल क्षणभर उजळली. स्वयंपाकघरात बोलावं तशा त्या बोलल्या.

"साहेब, हे रंगमंदिर गावानं बांधलंय. आम्ही गावातच राहतो."

रिकाम्या खुर्च्यांवरून ते शब्द सावकाश मागे गेले. व्यवस्थापक शेवटच्या रांगेतून चालत रंगमंचापाशी आले.

"सरी, अक्का," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "रविवारची दुपार तुमची."

त्या रविवारी सभागृह बायकांनी, कडेवरच्या पोरांनी, जाईच्या आणि ओल्या वेण्यांच्या गंधानं भरलं. पडदा सरकला. पहिलं वाक्य माझं होतं आणि ते मला आठवेना. सासूच्या भूमिकेतल्या अक्का शेजारीच होत्या. नाटकात नसलेली एक गोष्ट त्यांनी केली: माझा पदर नीट करण्याच्या निमित्तानं पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी तोंड उघडलं. माझं मोडकंतोडकं कानडी ऐकून बायका हसल्या. त्या हसण्यात टोचणी नव्हती, ओळख होती, कारण त्यांतल्या कितीजणी कधीतरी अशाच परक्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या होत्या. व्यवस्थापकांनी अखेरपर्यंत खुर्ची घेतली नाही. प्रयोग संपल्यावर पुढच्या वर्षीची दुपार त्यांनी आपण होऊन देऊ केली आणि साठचं दशक सरेपर्यंत ती दुपार आमची राहिली.

अक्का जाऊन आता फार वर्षं झाली. काळानं त्यांचा चेहरा माझ्या मनात थोडा धूसर केला आहे, याचं मला दुःख होत नाही. ज्यांनी आपल्याला उभं राहायला शिकवलं ती माणसं गेल्यावरही आपण उभेच असतो, आणि स्मरण म्हणतात ते बहुधा हेच.