मला धार लावू नका

वळचणीला खोचलेला गंजका विळा तुम्ही कुठंतरी पाहिलाच असेल. तोच मी. हसू नका, पण लोखंडाचा असून मी फार भित्रा आहे.

तरुणपणी मी तासगावकडच्या या वस्तीवर सपासप कडबा कापला. मग धार गेली, गंज चढला आणि मोडीत जायची धास्ती लागली. या घरात बोथट म्हणवून घेणारा मी एकटाच नव्हतो. सून मनुबाई कमी बोलायची, म्हणून तिला मठ्ठ म्हणत. सासू रंगुबाई कुणाच्या मयतालाही रडायची नाही, म्हणून तिचं मन बोथट झालंय म्हणत.

चौऱ्याहत्तर सालच्या सुगीत मनुबाईला कळा सुरू झाल्या. नवरा गुंडा दूर पलटणीत. नाळ घरच्याच विळ्यानं कापायची, ही इथली रीत. रंगुबाईनं मला उपसलं आणि भीतीनं माझं पाणी पाणी झालं. शेजारच्या धोंडुबाईच्या नातवाची नाळ अशाच गंजक्या विळ्यानं कापली होती. थोड्याच दिवसांत त्याची दातखीळ बसली. पोर गेलं, विळा विहिरीत गेला.

"आत्याबाई, इळा नगं!" मनुबाई आतून कळवळली. "नर्सबाईनं नवं ब्लेड दिलंय. उकळून घ्या."

"गप गं! तुला काय कळतंय?" जमलेल्या बायकांसमोर रंगुबाई गरजली आणि मला दगडावर घासू लागली. देवा, मला धार येऊ देऊ नकोस, एवढंच मी म्हणत होतो.

मग ध्यानात आलं. दगडाला माझी पाठ लागत होती, धार नव्हे. म्हातारीला दिसत नाही की काय?

बाळ रडलं. सुईण साळूबाईनं मला आधी दोऱ्यावर ओढून पाहिलं. दोरा तुटेना.

"रंगूआक्का, ह्याला धारच न्हाई की वं!"

"मग घे ते ब्लेड," रंगुबाई लगेच म्हणाली. "पानी कवाचं उकाळलंय."

बारशाला पोरगी पाळण्यात हातपाय झाडत होती. दृष्ट लागू नये म्हणून रंगुबाईनं मला पाळण्याखाली ठेवलं. वाकताना तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पात्यावर पडलं.

त्यानं मी आणखी गंजेन. गंजू दे. मोडीत घाला हवं तर, पण मला पुन्हा कुणी धार लावू नका.