दुसऱ्याच्या बरणीतलं तूप

डेअरीवाल्याचं डोकं कशानं फिरत असेल, तर बायकोच्या तोंडून उठताबसता निघणाऱ्या "सर म्हणाले"नं. सर म्हणजे तो आहारतज्ज्ञ. पोरसवदा, शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलायला असा गोड की विचारू नका.

बायकोच्या अंगावर वर्षभर लालभडक गांधी उठत होत्या. गोळ्या झाल्या, मलमं झाली. शेवटी या सरांनी तिचं दूध, दही, लोणी, अंडी, गहू सगळं एकदम बंद केलं. आधी अंग शांत होऊ द्यायचं, मग एकेक पदार्थ परत खाऊन चोर पकडायचा. आणि खरंच, गांधी मावळल्या की हो! डेअरीवाल्याला आनंद झाला, नाही असं नाही. पण नवऱ्याची भरलेली डेअरी, आणि घरात त्याच्याच मालाला बंदी? जीव नुसता जळत होता त्याचा.

त्यात म्हणे तूप चालतं.

"लोणी वाईट आणि त्याचंच तूप चांगलं? हे कुठलं शास्त्र?"

"अहो, बाधतात ती दुधातली प्रथिनं, नाहीतर साखर. लोणी नीट कढवलं की ती खाली बेरीत बसतात. गाळून घेतलं की वर जवळजवळ नुसता स्निग्धांश उरतो. सर म्हणाले…"

"आता तो मला बेरी शिकवणार!"

कहर म्हणजे तूप तिनं आणलं ते समोरच्या दुकानातून. सरांनी सांगितलेलं! डेअरीवाल्याची बायको दुसऱ्याच्या तुपाची बरणी घेऊन भर रस्त्यातून घरी आली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती आंघोळीला गेलेली बघून त्यानं ती बरणी रिकामी केली आणि आपलं तूप भरलं. त्याचं तूप आचेवरून लवकर उतरवलेलं, विरळ फडक्यातून गाळलेलं. तळाशी थोडा दुधाळ गाळ राहायचा, आणि गिऱ्हाईक त्याच वासावर जीव टाकायचं. बेरीचं काय ते शास्त्र त्या पोरानं सांगावं? हं! खाऊ दे तिला, मग कळेल कुणाचं तूप कसं लागतं.

तिनं खाल्लं. चकार शब्द बोलली नाही. आणि आठवडा उलटायच्या आत मानेपासून कोपरापर्यंत गांधी उठल्या.

"संपलं," ती खाजवत रडायला लागली. "तूपसुद्धा बाधतं मला. सरांचंच चुकलं. मी नाही जाणार आता त्यांच्याकडे. जे व्हायचं ते होऊ दे."

हेच तर ऐकायचं होतं त्याला! गप्प बसला असता तर सरांचा काटा कायमचा निघाला असता. पण ती कंगव्याच्या पाठीनं मान खाजवत होती, आणि खिडकीतल्या उन्हात बरणीच्या तळाचा पांढरा थर त्याला स्वच्छ दिसत होता. तो काय आहे, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"अगं, ते तूप माझं होतं," तो कसाबसा बोलला. "मीच बदललं. त्या पोरावर जळत होतो मी."

तिचा हात थांबला. "माहीत आहे. पहिल्याच घासाला ओळखलं मी."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुमच्या हातचं म्हटल्यावर बघायचं काय त्यात? माझ्यासाठी नीट कढवूनच भरलं असणार, असं धरून चालले. म्हणून तर वाटलं, तुमच्या तुपानंही उठतंय म्हणजे तूपच बाधतं."

डेअरीवाल्याला तोंड वर करवेना. तो उठला, लोणी चढवलं, बेरी तांबूस होईपर्यंत हलला नाही. दुहेरी फडक्यातून गाळलं, परत गाळलं, धुतलेल्या बरणीत भरलं.

"उद्या सरांकडे जाऊ," तो म्हणाला. "मी स्वतः सांगतो काय झालं ते. ते हो म्हणाले तरच हे खा."

तिनं बरणी हातात घेतली, खिडकीशी गेली आणि उजेडात धरून तळ न्याहाळला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याचा माल असा कधी तपासला नव्हता.