साळूबाई दोराला हात का लावत नव्हती

मी एक जुना पोहरा आहे, मित्रांनो. राहुरीच्या बाजारात एका लोहाराने मला जाड पत्र्यातून घडवले आणि आमच्या गावाने मला आडावर नेऊन दोराला बांधले. "पोहरा लई मजबूत हाय," असे सगळे म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

उन्हाळ्यात वस्तीवरचे पाणी संपले की बौद्धवाड्यातली साळूबाई रिकामी घागर घेऊन आडावर यायची. लांब दगडावर बसून राहायची. दोराला कधी हात लावायची नाही. पाटलांच्या घरच्या मुक्ताबाईंना दया आली, की त्या मला ओढून काढायच्या आणि वरूनच तिच्या घागरीत पाणी ओतायच्या. मला साळूबाईचा भारी राग यायचा. बाईला आयते पाणी हवे, ओढायला मात्र नको! तिच्या घागरीवर आलो की मी मुद्दाम हिंदकळायचो आणि अर्धे पाणी मातीत घालवायचो. घरी तिची लेकरे तहानलेली आहेत, याचा विचार मी कधी केला नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात आड आटला. मुकादम गहिनीनाथने मला दुष्काळी कामावर नेले. तिथे माळावर मला टँकरच्या पाण्याने भरून बाभळीखाली ठेवत. पाटलांच्या मुक्ताबाईसुद्धा खडी फोडायला आल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी साळूबाई. तिचा हातोडा थांबतच नसे. मी चक्रावलो. हीच का ती आळशी बाई?

एका दुपारी मुक्ताबाईंना भोवळ आली.

"साळू, पानी दे गं."

साळूबाई जागची हलली नाही. "कसं देऊ, वैनी? आडावर तुमी मला दोराला शिवू देत न्हाई."

मुक्ताबाईंनी मान खाली घातली. "दे," त्या म्हणाल्या.

साळूबाईने मला उचलले. तिच्या तळहातावरचे घट्टे मला लागले आणि मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. ती आळशी नव्हती. गावाने तिला अडवले होते, आणि शिक्षा मी तिलाच करत होतो!

पुढच्या वर्षी आडाला पाणी आले. मीही आडावर परतलो. साळूबाई पुन्हा लांब बसली. मुक्ताबाईंनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा साळूबाई उठली.

"वैनी, माळावर माझ्या हातचं पानी प्यालात. आता हितं मी वढते."

तिने दोर धरला आणि मला आत सोडले. मी भरलो, पण वर काय चालले आहे ते मला दिसेना. कोणी तिच्या हातून दोर हिसकावला तर? माझा जीव टांगणीला लागला. मग मुक्ताबाईंचा आवाज आला.

"सावकाश वढ गं, काठाला आपटतोय त्यो."

मी वर आलो. साळूबाई हसत होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

मित्रांनो, कोणी बाजूला बसलेले दिसले, तर त्याला तिथे कोणी बसवले ते आधी विचारा. मी कधी विचारलेच नाही.