करवंदाची नखं

गुंडी रांगायला लागली त्या दिवशी मी घरातली टोकं शोधून काढली. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, प्लगच्या भोकांवर झाकणं बसवली, नवऱ्याची स्क्रूड्रायव्हरची पिशवी माळ्यावर टाकली. सासऱ्यांच्या सुया बिस्किटांच्या डब्यात गेल्या आणि डबा फ्रिजवर गेला. उरलं फक्त गॅलरीतलं करवंदाचं झुडूप. त्याला स्पंजही लावता येत नव्हता आणि झाकणही.

झुडूप सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं. बाबांनी आयुष्यभर शिंपीकाम केलं. नजर अधू झाली तेव्हा दुकान भागीदारावर सोपवलं आणि सगळा जीव या झुडपात घातला. एका करवंदाचं बी त्यांनी अर्ध्या कापलेल्या पिंपात सहज दाबलं होतं, ते आता माझ्या खांद्याला लागत होतं. मागच्या वर्षी त्याला पहिल्यांदा मूठभर फळं आली. बाबांनी ती बशीत घालून अख्ख्या मजल्यावर फिरवली. म्हणजे दाखवायला नेली आणि तशीच परत आणली.

‘गुंडी’ हे नावही त्यांचंच. ती जन्मली तेव्हा म्हणाले, “केवढीशी आहे! शर्टाच्या गुंडीएवढी.” तेव्हापासून कागदावरचं नाव कागदावरच राहिलं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी सातला जाते, दुपारी दोनला परत. तेवढा वेळ गुंडी बाबांकडे. बाबांना दोन हातांपलीकडचं धूसर दिसतं आणि गुंडी दोन हातांचं अंतर दोन सेकंदांत कापते. लोकांच्या दंडाला पट्टा बांधताना माझ्या डोळ्यांपुढे गॅलरीतले ते काटे यायचे. साधे नव्हेत, जोडीजोडीने फुटलेले, काही तर पुढे दुभंगलेले. शेवटी एकदा धीर करून विषय काढलाच.

“बाबा, रागावू नका. पण गुंडी उभी राहायला लागली की हे झाड बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार.”

“मग तिला सांगू, बाई गं, जरा उंच हो.”

“बाबा, मी चेष्टा करत नाहीये.”

ते झुडपाकडे वळले. पानं बोटांनी चाचपत म्हणाले, “असं कर. या उन्हाळ्यात फुलं आली तर झाड राहील. नाही आली तर मीच नर्सरीवाल्याला सांगतो, घेऊन जा बाबा. चालेल?”

“आणि फुलं आली तर?”

“तर तुझं तुलाच ते काढवणार नाही. मला माहितीये ना तुला.”

नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. बूट काढता काढता म्हणाला, “ठरलं तर. घरात एक शिंपी आणि एक शास्त्रज्ञ, मी आपला वर-खाली करणारा माणूस. मला कोणी विचारू नका.”

कोणी विचारलंही नाही.

उन्हाळ्याला मात्र वेळ होता, आणि तोवर गुंडीने रांगणं थोडंच थांबवलं असतं? आमच्या लॅबमध्ये वापरलेली सुई आधी कटरमध्ये तोडतात, मग झाकणाच्या डब्यात टाकतात. हात तेच शिकलेले. एका रविवारी बाबा नेहमीप्रमाणे दुकानात गप्पा मारायला गेले. मी गुंडीची नखं कापली, ती झोपली, आणि नेलकटर माझ्या हातातच राहिला. म्हटलं, झाडाचीही कापू. एकेका काट्याचं टोक टक्-टक् करून उडवलं. फार बरं वाटलं. इतकं बरं मला स्पंज लावूनही वाटलं नव्हतं.

बाबांना सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं. संध्याकाळी सांगू म्हटलं, संध्याकाळी ते खुशीत होते, दुसऱ्या दिवशी मी विसरले. मग पुढचा रविवार आला आणि आता सांगायचं तर मागच्याचंही सांगावं लागणार, म्हणून राहूनच गेलं.

तोडलेली टोकं मी कचऱ्यात टाकत नसे. कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला लागली म्हणजे? सिरपच्या रिकाम्या बाटलीत भरायची आणि बाटलीवर लेबल, ‘धारदार’. काटे संपत आले तसे मला फांद्यांच्या शेंड्यांवरचे कोवळे हिरवे कोंब दिसायला लागले. बारीक, टोकदार, दोन-दोनच्या जोडीने. हेही पुढे काटेच होणार, मग आत्ताच कापलेले बरे. ते कापले की पांढरा चीक यायचा. त्यावर मी कापसाचा बोळा दाबून धरायची, पेशंटला सांगते तसा, पूर्ण दोन मिनिटं.

ऊन तापलं. झुडपाला फुलं येईनात.

बाबा अस्वस्थ झाले. आधी त्यांनी पिंप सरकवलं, सकाळचं ऊन मिळावं म्हणून. मग अंड्याची टरफलं कुटून घातली. मग चहाचा चोथा. मग पाणी तोडलं, कारण भागीदार म्हणाला की ताण दिल्याशिवाय बहर धरत नाही. आठ दिवसांनी पुन्हा सुरू केलं, कारण त्यांनाच बघवेना.

“माझंच काहीतरी चुकतंय,” ते म्हणायचे. “दिसत नाही ना नीट. कीड असेल तर कळणार कशी मला?”

“थांबा, मी बघते,” म्हणून मी भिंग घेऊन पानन् पान तपासायची. “कीड नाही, बाबा. मातीचा दोष असणार.” लॅबमधून कागदी पट्ट्या आणून माती पाण्यात कालवून तपासली. वहीत तारीखवार नोंदी केल्या. वनस्पतिशास्त्रात मला बासष्ट मार्क होते, ते सगळे मी त्या पिंपात ओतले. आणि रविवार आला की नेलकटर.

“एवढं करतेस तू त्याच्यासाठी,” एकदा बाबा म्हणाले. “मला वाटलं होतं, तुला ते नकोच आहे.”

मला उगीचच भरून आलं.

शेवटी बाबांनीच नर्सरीवाल्याला फोन केला. शब्द दिला होता ना. रविवारी सकाळी दहाला तो हातगाडी घेऊन येणार होता.

शनिवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गुंडीचा मोजा हातातून निसटला आणि पिंपामागे पडला. दोन दिवस गॅलरीत एक गोडसर वास येत होता; मी समजत होते, शेजाऱ्यांनी साबण बदलला. मोजा काढायला भिंत आणि पिंपाच्या फटीत हात घातला, मान वाकडी करून पाहिलं, आणि तशीच राहिले.

मागची एक फांदी ग्रिलमधून बाहेर गेली होती. माझा हात तिथवर कधी पोचलाच नव्हता. तिचे काटे शाबूत होते, शेंडा शाबूत होता. आणि शेंड्यावर पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचा घोस होता.

शेंड्यावर. दुसरीकडे कुठेच नाही, फक्त शेंड्यावर. मी बाकीच्या फांद्यांकडे पाहिलं. एकीलाही शेंडा नव्हता. सगळे ‘धारदार’ लेबलाच्या बाटलीत होते.

नेलकटर माझ्या गाऊनच्या खिशात होता. खोटं कशाला सांगू, हात खिशाकडे गेला. एक टक्, आणि कोणाला काही कळलं नसतं. उद्या दहाला झाड गेलं असतं, सोमवारी मी निवांत मनाने लोकांच्या शिरा शोधल्या असत्या. बाबा मात्र जन्मभर म्हणत राहिले असते, माझंच काहीतरी चुकलं.

“मोजा सापडला का गं?” आतून बाबांनी विचारलं.

“सापडला,” मी म्हटलं. आणि मोजा दोरीला लावला.

रविवारी दहा वाजले तरी फुलांचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी झाडाला शेवटचं पाणी घातलं, ओल्या फडक्याने पानं पुसली. नर्सरीवाला दारात आला, घाम पुसत म्हणाला, “काका, हेच का ते? फुलं न येणारं?”

“हेच,” बाबा म्हणाले. “सांभाळून ने. खोड एका बाजूला कललंय जरा.”

नर्सरीवाला वाकला, एक फांदी हातात धरली, दुसरी धरली. “अहो काका, याची रोज हजामत करता काय? शेंडाच ठेवला नाही एकीलाही. फुलं काय बुंध्याला येणार होती?”

“हजामत? मी तर कात्रीही लावली नाही.”

नवरा माझ्याकडे पाहत होता. त्याला घरात नेलकटर कधी सापडत नसे, त्याचा हिशेब आता लागत असावा. मी आत गेले, माळ्यावरून बाटली काढली आणि खिशातल्या नेलकटरसकट बाबांच्या हातात दिली.

“बाबा, मी कापले. आधी काटे. मग... मला वाटलं ते कोंबही काटेच होणार. दर रविवारी, तुम्ही दुकानात गेल्यावर. तुमचं काही चुकलं नव्हतं. टरफलांचंही नाही, पाण्याचंही नाही. आणि त्या मागच्या फांदीला फुलं आलीयेत. काल दिसली मला. कालच सांगायला हवं होतं.”

बाबांनी बाटली कानाशी नेऊन हलवली. मग झाडाशी बसून फांद्यांची टोकं अंगठ्याने एकेक करून चाचपली.

“काप मात्र सरळ आहे,” ते शेवटी म्हणाले, पण हसले नाहीत. “अगं, दोन महिने मी या झाडाची माफी मागतोय.”

“तुमची मी मागते, बाबा.”

“आणि त्या लाल-निळ्या पट्ट्या कशाला बुडवत होतीस पाण्यात?”

“कारण शोधत होते.”

नर्सरीवाल्याला हसू आवरेना. “ताई, कारण तर तुमच्या खिशात होतं!”

नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. बाबाही हसायच्या बेतात होते, तेवढ्यात आमच्या पायांपाशी किंकाळी उठली.

आम्ही चौघं बोलत राहिलो आणि गॅलरीचं दार उघडं. गुंडी पिंपाला धरून उभी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची स्वतः. आणि फटीत हात घालून मागच्या फांदीचाच, मी न कापलेला एक काटा तिने बरोबर शोधला होता. बोटावर रक्ताचा एक थेंब.

रोज चाळीस माणसांचं रक्त काढणारी मी. तो एक थेंब पाहून मी मटकन खाली बसले. बाबांनी तिला उचललं, सुई टोचल्यावर स्वतःचं बोट दाबायचे तसं तिचं बोट दाबलं. “झालं, झालं. आजोबांना तर हजार वेळा टोचलंय.” ती चार हुंदके रडली. मग झाडाकडे रागाने बोट रोखलं आणि मोठ्यांदा म्हणाली, “टोच्च!”

तोवर तिला ‘बाबा’ सोडून एक शब्द येत नव्हता. नवरा म्हणाला, “आई म्हणायच्या आधी टोच म्हणाली. घरचंच वळण.”

गुंडीला खाली ठेवलं तर ती झाडाला वळसा घालून, भिंतीला चिकटून आत गेली. एवढी शहाणी वाट मी तिला कधी शिकवली नव्हती.

नर्सरीवाला पिंपाला हात लावून उभा. “मग काका? नेऊ की नको?”

बाबांनी माझ्याकडे तोंड केलं. अट माझ्यासाठी होती आणि फुलंही आली होती, एका का फांदीला होईना.

“बाबा,” मी विचारलं, “झाडाला झगा शिवता येईल का? गुंडीच्या डोक्याच्या थोडा वर येईल एवढा. जाड कापडाचा. वरचं झाड मोकळं.”

“माप कोण घेणार?” बाबा म्हणाले, पण हात गळ्याकडे गेला होता, जिथे पूर्वी मापाची पट्टी लटकायची.

नर्सरीवाला हातगाडी रिकामीच घेऊन गेला. जाताना म्हणाला, “ताई, एक चांगलं केलंत. आता एका शेंड्याला दोन-दोन फुटतील. पुढच्या उन्हाळ्यात बघा. फक्त ते हत्यार लपवून ठेवा.”

बिस्किटांचा डबा फ्रिजवरून खाली आला. बाबांनी जुन्या ताडपत्रीचा झगा बेतला, मी सुईत दोरा ओवून दिला, त्यांनी नजरेपेक्षा बोटांनी जास्त शिवला. तळाशी चुण्या घातल्या, आणि पुढे हट्टाने तीन गुंड्या लावल्या. गरज नव्हती, पण लावल्या.

मागच्या फांदीला सात करवंदं धरली. हिरवी, मग लालसर, मग काळी झाली. बाबांनी ती बशीत घातली आणि मजल्यावर फिरायला निघाले. या वेळी बशी रिकामी परत आली, एक सोडून.

“हे तुझं,” ते म्हणाले.

मी अर्धं गुंडीला दिलं, बिया काढून, दोनदा बघून. तिची हनुवटी जांभळी झाली. उरलेलं मी खाल्लं. आंबट होतं, मग गोड. बिया हातात धरून मी उभी राहिले आणि घरात आणखी एक पिंप कुठे मावेल ते बघायला लागले.